राक्षसभुवनकरांचा रूपचंद

बनारसेत दूधविनायकाच्या गल्लीत वेणीमाधव राक्षसभुवनकर राहत. हे आडनाव गोऱ्या साहेबांच्या जिभेला कधी पेललं नाही. कुणी ‘राकसबन’पर्यंत पोचे, कुणी ‘राक’वरच थांबून पाणी मागे. शेवटी साहेबांनी त्यांना ‘मुनशीजी’ करून टाकलं आणि साहेबांचं ऐकून गल्लीनंही. काम तेच होतं म्हणा. सिक्रोलच्या छावणीत विलायतेहून नव्यानं आलेल्या साहेबांना आणि त्यांच्या मडमांना ते हिंदुस्थानी शिकवत. डोक्याला पगडी, अंगात बंद गळ्याचा कोट, पायांत पुणेरी जोडा, अशा थाटात रोज दुपारी मैदागिनला जाऊन एक्का पकडायचा आणि ऊन उतरायच्या आत घरी परतायचं.

ऊन उतरायच्या आत, हे महत्त्वाचं. त्या घराण्याची ती चालच होती. वडील दिवेलागणीला घरात असत, काका असत, दुर्गाघाटावर दिलेली थोरली बहीण गंगाताईसुद्धा माहेरी आली की तिसऱ्या प्रहरानंतर उंबरा ओलांडत नसे. संध्याकाळचं कुठलं बोलावणं आलं की उत्तर ठरलेलं, “आमच्याकडे संध्येची वेळ असते.” त्यामुळे गल्लीत या घराचा लौकिक मोठा होता. ब्रह्माघाटावरच्या आया आपल्या मुलांना सांगत, बघा, राक्षसभुवनकरांकडे संध्या चुकत नाही.

खरी गोष्ट अशी, की अंधार पडू लागला की त्या मंडळींना दिसेनासं होई. भर दिवसा पोथीतलं बारीक अक्षर वाचणारी माणसं, पण सूर्य कलला की समोरचा खांब हरवायचा. घरात या प्रकाराला नाव नव्हतं. रातांधळेपण हा शब्द तिथं कुणी उच्चारल्याचं कुणाला आठवत नाही. वडील जिन्यावरून पडले तेव्हा जिना वाईट ठरला. काका घाटावरून पडले तेव्हा घाट.

वेणीमाधवांची बायको बकुळाबाई मध्य प्रांतातल्या सागरची. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिच्या सगळं ध्यानात आलं. ती कुणाला काही बोलली नाही. दिवस मावळायच्या आधी जिन्यात लालटेन टांगायची आणि वाटेतले पाट उचलायचे, एवढं तिनं सुरू केलं ते पुढं चाललंच.

एकोणीसशे तेहतीस-चौतीसची गोष्ट असेल. मुनशीजींच्या शिष्यांत कर्नल पेनिफादर म्हणून एक म्हातारे साहेब होते. त्यांनी वर्षानुवर्षं हिंदुस्थानीचा अभ्यास केला आणि तरी ‘हाथी आती है’ की ‘आता है’ हे त्यांना अखेरपर्यंत उमगलं नाही. त्यांची शिकवणी थंडीच्या दिवसांत एकदा लांबली. मुनशीजी उठले तेव्हा व्हरांड्यात सावल्या उतरल्या होत्या. ते घाईनं निघाले, व्हरांड्याच्या खांबावर आपटले, आणि पगडी सावरून खांबाला म्हणाले, “माफ कीजिए, हुजूर.”

कर्नलसाहेबांनी ते पाहिलं. त्यांनी ते मनात ठेवलं. पुढच्या महिन्यात ते कायमचे विलायतेला निघाले, तेव्हा त्यांनी मुनशीजींना बोलावलं आणि आपला सर्वांत लाडका कुत्रा त्यांच्या हाती दिला.

कुत्रा सेटर जातीचा होता. तांबूस लाल, रेशमासारखे केस, लांब कान, चाल एखाद्या संस्थानिकाची. नाव सर रूफस, आणि त्यापुढं आयर्लंडातल्या कुठल्याशा गढीचं नाव. कर्नलसाहेबांनी त्याची वंशावळ तोंडपाठ सांगितली. बाप अमुक, आई तमुक. बापाचा बाप चॅम्पियन, आईचा बापही चॅम्पियन.

“दोघांचं नाव एकच आहे,” मुनशीजी म्हणाले. शिकवायची सवय. त्यांना वाटलं साहेब चुकले.

“नाव एक नाही, कुत्राच एक!” साहेब अभिमानानं म्हणाले. “बाहेरच्या रक्ताचा थेंब नाही याच्यात.” मग त्यांनी मुनशीजींचा हात हातात घेतला. विलायतेत आता आंधळ्या शिपायांना रस्ता दाखवायला कुत्री शिकवतात, असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. “याला शिकवायचीही गरज नाही. पट्टा सैल धरायचा. तो चालला की चालायचं, तो थांबला की थांबायचं. मुनशीजी, संध्याकाळी आता तुम्हाला भीती नाही.”

मुनशीजींच्या घरात जे कुणी कधी बोललं नव्हतं ते या म्हाताऱ्यानं सरळ बोलून दाखवलं होतं. मुनशीजी लाजले. शिष्यानं दिलेली गुरुदक्षिणा परत कशी करायची, हाही प्रश्न होता. शिवाय साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी पट्टा हातात घेतला.

एक्केवाल्यानं कुत्र्याला बसवून घ्यायला बराच वेळ घातला. मैदागिनला उतरले तेव्हा दिवस बुडत होता. पण मुनशीजी आयुष्यात पहिल्यांदाच त्या वेळी निर्धास्त होते. भैरवनाथापाशी माळिणीनं कुत्रा पाहिला. भैरवाचं वाहन, तेही असं तांबडं लाल! तिनं झेंडूची माळ त्याच्या गळ्यात घातली आणि काळा गंडाही बांधला. मुनशीजींना ते शुभ वाटलं. मग दोघं गल्लीत शिरले.

गल्लीत अंधार होता. कुत्रा थांबला. मुनशीजीही थांबले, कारण साहेबांनी तसं सांगितलं होतं. बराच वेळ दोघं तसेच उभे राहिले. मुनशीजींना वाटलं, पुढं काही संकट असणार, केवढा हुशार प्राणी. मग कुत्र्यानं त्यांच्या पोटरीला अंग टेकलं. त्यांनी ती खूण समजून एक पाऊल टाकलं. कुत्र्यानंही टाकलं. मग त्यांनी दुसरं टाकलं. असे ते चालले, मुनशीजी कुत्र्याच्या भरवशावर आणि कुत्रा मुनशीजींच्या, आणि पुढल्या वळणावर दोघं मिळून एका बसलेल्या सांडावर पडले.

सांड बनारसचा असल्यामुळे उठला नाही. त्यानं नुसता एक सुस्कारा सोडला. मुनशीजींनी पगडी शोधली, ती कुत्र्याच्या डोक्यावर सापडली. मग चाचपडत जवळच्या चबुतऱ्यावर जाऊन ते बसले आणि कुत्रा त्यांच्या पायांवर डोकं ठेवून बसला. कुत्र्याचं काळीज धडधडत होतं. ती धडधड मुनशीजींना ओळखीची वाटली.

दिवेलागण होऊन गेली तरी नवरा आला नाही, म्हणून बकुळाबाई लालटेन घेऊन निघाली होती. बरोबर मुलगी शरदिनी. दोघींना ते दोघं चबुतऱ्यावर दिसले. बकुळाबाईनं लालटेन वर धरली तशी कुत्र्याचे डोळे पितळी ताटल्यांसारखे चमकले. शरदिनी दचकली, “अगो बाई, ये क्या है!”

बकुळाबाई मात्र वाकली. तिनं लालटेन डावीकडे नेली, उजवीकडे नेली. ताटल्या तशाच समोर. उजेड एवढा जवळ येऊनही बाहुल्या बारीक झाल्या नाहीत. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि परत कुत्र्याच्या.

“अहो, याला दिसत नाही.”

“काहीतरीच काय. फार मोठ्या खानदानाचा आहे तो.”

“तुम्हीपण आहात,” बकुळाबाई म्हणाली.

इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट पहिल्यांदाच बोलली गेली होती, आणि तीही भर गल्लीत, सांडासमोर. बकुळाबाईनं एका हातानं नवऱ्याचा हात धरला, दुसऱ्या हातानं पट्टा. “चला आता. हाही राक्षसभुवनकरच निघाला.”

सर रूफसचं दूधविनायकात रूपचंद झालं. बकुळाबाईनं त्याला माडीवर येऊ दिलं नाही. सोवळ्यात शिवला तर बघा, अशी तंबी तिनं कुत्र्याला नव्हे, नवऱ्याला दिली. खाली दालनात त्याचं बस्तान बसलं. मांसावर वाढलेला तो जीव वरणभात आणि वर तूप खाऊ लागला. गल्लीतला हलवाई सकाळी त्याला कचौडी घाली. दिवसा त्याला दिसे, तो माकडांवर भुंके, मुलांमागे पळे. ऊन उतरलं की दालनातल्या कोपऱ्यात जाऊन बसे. शेजारचे म्हणू लागले, बघा, कुत्रासुद्धा संध्येच्या वेळी घरात असतो.

मुनशीजींना मात्र त्यानं वेड लावलं. हा माणूस पन्नाशीकडे झुकला होता आणि आपल्याला संध्याकाळी काय होतं हे त्यानं कधी बाहेरून पाहिलं नव्हतं. आता रोज पाहायला मिळे. रूपचंद पायरीपाशी आला की पुढचा पाय हवेत धरून ठेवी, मग हळूच खाली सोडी, पायरी लागली की मग अंग पुढं घेई. वडील अगदी असेच उतरायचे. ओळखीच्या जागी तो ताठ चाले, कुणाला शंकाही येऊ नये असा, आणि कुणी पाट सरकवला की त्यावर आपटे आणि मग पाटाकडे रागानं पाही. काका अगदी तसेच.

असे काही महिने गेले. मग थंडीत मिसेस क्रॉली घरी आल्या. या बाई छावणीतल्या एका मोठ्या अंमलदाराच्या पत्नी, मुनशीजींच्या शिष्या, आणि तिथल्या हौशी श्वानमंडळाच्या चिटणीस. गल्ली अरुंद म्हणून त्या डोलीत बसून आल्या. वर्षाचं कुत्र्यांचं प्रदर्शन जवळ आलं होतं आणि सर रूफसनं त्यात यायलाच हवं होतं.

“मेमसाहेब, त्याला अंधारात दिसत नाही,” मुनशीजी म्हणाले.

“यह तो असंभव है, मुनशीजी.” बाईंचं हिंदुस्थानी मुनशीजींनीच शिकवलेलं, म्हणून भारी शुद्ध. “इसके पितामह विजेता थे.”

“पितामहांचं मला ठाऊक नाही. याला दिसत नाही.”

बाईंनी छावणीतल्या जनावरांच्या डॉक्टरसाहेबांना आणलं. ते बारा वाजता आले, रूपचंदला चौकातल्या लख्ख उन्हात उभं केलं आणि त्याच्यापुढं रुमाल फडकवला. रूपचंदनं रुमालाकडे पाहिलं. “गरुडाची नजर आहे,” डॉक्टरसाहेब म्हणाले.

“साहेब, संध्याकाळी येऊन बघा ना.”

“संध्याकाळी मी काम करत नाही,” डॉक्टरसाहेब म्हणाले आणि गेले.

प्रदर्शनाचा मांडव जाड दुहेरी कनातीचा होता. पौषातला कोंदट दिवस, बाहेर धुकं, आत कंदील दोनचार. साहेबलोकांना तेवढा उजेड पुरत होता. मुनशीजींना आत शिरताच मांडव विरघळल्यासारखा झाला. त्यांनी पट्टा घट्ट धरला आणि जिथं कुणी उभं केलं तिथं उभे राहिले. रूपचंदनंही तेच केलं. मान वर, शेपूट सरळ, एक पाय किंचित उचललेला.

इतर कुत्री एकमेकांवर गुरगुरत होती. तेवढ्यात मांडवाच्या खांबावरून एक माकड उतरलं, परीक्षकांच्या टेबलावरचा केक घेऊन मधोमध बसलं आणि खाऊ लागलं. सगळा मांडव उसळला. पट्टे तुटले, मडमा ओरडल्या, एक फॉक्स टेरियर चुकून आपल्याच मालकाला चावला. रूपचंद हलला नाही. आवाज चहूकडून येत असताना कुठं पाय टाकावा हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो होता तसाच पुतळ्यासारखा थिजून राहिला. त्याच्याशेजारी मुनशीजीही तसेच.

लखनौहून आलेले परीक्षक गहिवरले. असा संयम आपण उभ्या आयुष्यात पाहिला नाही, असं त्यांनी जाहीर केलं. चांदीचा पेला रूपचंदला मिळाला.

मुनशीजींनी हात वर केला. “साहेब, एक अर्ज आहे. त्याला माकड दिसलंच नाही.”

“बरोबर!” परीक्षक म्हणाले. “त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.”

टाळ्या पडल्या. पेला बकुळाबाईनं चिंचेनं घासून ठेवला आणि त्यात लवंगा ठेवू लागली.

यानंतर जे व्हायचं तेच झालं. मिसेस क्रॉलींकडे याच वाणाची एक कुत्री होती, डॅफोडिल नावाची. तिच्यासाठी त्यांना रूपचंद हवा होता. बंगल्यावर बोलावून, चहा मागवून त्यांनी हे नाजूक शब्दांत सांगितलं. मुनशीजी ब्राह्मण, ते चहा प्याले नाहीत, नुसता पेला धरून बसले.

“डॅफोडिल कुणाची कोण?”

“सर रूफसच्या सख्ख्या बहिणीची कन्या.”

“म्हणजे भाची!” मुनशीजींच्या हातातला चहा सांडला. “मेमसाहेब, मामा-भाची?”

“इसी से तो रक्त शुद्ध रहता है.”

मुनशीजींनी पेला खाली ठेवला आणि जे कधी बायकोजवळही स्वतःहून बोलले नव्हते ते छावणीतल्या व्हरांड्यात बसून, परक्या भाषेत, एका परक्या बाईला सांगितलं. “मेमसाहेब, मलाही संध्याकाळी दिसत नाही. माझ्या वडिलांना दिसत नसे. काकांना दिसत नसे. आम्हीही बाहेर सोयरीक फारशी केली नाही. बनारसेत आमची घरं ती किती? माझी आजी माझ्या आजोबांच्या मामाची मुलगी. हा कुत्रा घरी आल्यावर मला हे दिसायला लागलं. याची पिल्लं होऊ देऊ नका.”

मिसेस क्रॉलींचे डोळे पाणावले. “मुनशीजी, आप लोग हर बात में दर्शनशास्त्र ले आते हैं,” त्या म्हणाल्या. “अंधत्व तो सभी का है. कितना सुंदर.” आणि त्यांनी नोकराला दुसरा चहा आणायला सांगितलं.

मुनशीजींचा स्वभाव शांत, पण हे शांतपणे घेण्यासारखं नव्हतं. त्यांनी सांगितलं, मी सिद्ध करून दाखवतो. पुढल्या आठवड्यात मंडळाची बैठक होती, त्याच बंगल्याच्या हिरवळीवर. मुनशीजी रूपचंदला घेऊन तिन्हीसांजेला हजर झाले. साहेबलोक वेताच्या खुर्च्यांवर बसले होते. मुनशीजी हिरवळीच्या एका टोकाला उभे राहिले आणि म्हणाले, “आम्ही दोघं आता इथून तुमच्याकडे येतो. बघा.”

ते निघाले. पहिल्यांदा एक कुंडी गेली. मग एक तिपाई, तिच्यावरच्या बाटल्यांसकट. मग उजवीकडे सरकले ते कमळाच्या हौदात. आधी मुनशीजी पडले, आणि पट्टा हाताला गुंडाळलेला असल्यामुळे पाठोपाठ रूपचंद. हौद कमरेएवढाच होता. मुनशीजी पगडीवर कमळाचं पान घेऊन उभे राहिले आणि पाण्यातूनच म्हणाले, “पाहिलंत? दोघांनाही नाही दिसत.”

एक मेजरसाहेब उभे राहिले. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली. “मालक पडलेला पाहून त्यानं क्षणाचाही विचार केला नाही,” ते म्हणाले. “सरळ उडी घेतली.”

रूपचंदला शौर्याचं पदक मिळालं. ओल्या कोटात घरी आलेल्या मुनशीजींना बकुळाबाईनं सुंठीचा काढा दिला आणि पदक कुठं ठेवायचं ते विचारलं. मुनशीजी म्हणाले, टाक त्या लवंगांच्या पेल्यात.

त्यांनी रूपचंदला पुन्हा छावणीत नेलं नाही. मिसेस क्रॉलींनी त्याच्या मिर्झापूरच्या सख्ख्या भावाला बोलावून घेतलं आणि आपलं काम भागवलं. जातिवंत कुत्र्याला बदनाम करणारा मुनशी, म्हणून दोन-तीन बंगल्यांतली शिकवणी सुटली. पण मुनशीजींना त्याचं फारसं वाटलं नाही, कारण तोवर घरातच दुसरं प्रकरण उभं राहिलं होतं.

शरदिनीचं लग्न गंगाताईच्या मुलाशी, विश्वेश्वरशी, व्हायचं होतं. आत्याचा मुलगा, मामाची मुलगी, त्यांच्यात रीतच होती, आणि हे तर दोघं पाळण्यात असल्यापासून बोललेलं. विश्वेश्वर सांगवेद पाठशाळेत शिकून तयार झालेला, सालस. त्या वैशाखात मुहूर्त धरायचा असं गंगाताईनं कळवलं. मुनशीजींना तीन रात्री झोप नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी ते दुर्गाघाटावर गेले.

गंगाताईनं पन्हं दिलं. मुनशीजींनी एका दमात सांगून टाकलं.

“काय म्हणालास?” गंगाताई म्हणाली. “वेणू, कुत्र्याच्या डोळ्यांवरून तू माझ्या मुलाची सोयरीक मोडतोस?”

“कुत्र्याच्या नव्हे ताई, आपल्या.”

“आपल्या डोळ्यांना काय झालंय?”

“तुला संध्याकाळी दिसतं?”

“मी संध्याकाळी बाहेर जातच नाही!”

मुनशीजींनी विश्वेश्वरला हाक मारली. “विशू, कोठीतून पितळेचा तांब्या आण बाळ.” कोठीला खिडकी नव्हती, भर दुपारीही तिथं काळोख असे. विश्वेश्वर आत गेला. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग तो बाहेर आला, कपाळाला टेंगूळ, हातात समई. त्यानं ती मामासमोर अदबीनं ठेवली, मग उजेडात तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“त्या कोठीत सगळा पसाराच झालाय,” गंगाताई म्हणाली. “कोठीच वाईट आहे.”

“ताई, जिना वाईट झाला, घाट वाईट झाला. आता कोठी.”

गंगाताईनं समई उचलली, पन्ह्याचा पेला उचलला आणि आत गेली. बाहेर आली नाही. विश्वेश्वर मामाला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आला. जाताना एवढंच म्हणाला, “मामा, मला वाटायचं सगळ्यांनाच असं होतं.”

घरी शरदिनी वाट पाहत होती. तिला बातमी आधीच लागली होती, कशी ते देवाला ठाऊक. “अण्णा,” ती म्हणाली, “मुझसे किसी ने पूछा? विशू मला आवडतो की नाही, ते आधी त्या रूपचंदला तरी विचारायचं!” आणि खाली दालनात जाऊन रूपचंदच्या गळ्यात पडून रडली. तिला विशू आवडत होता असं काही जण म्हणतात. तिनं स्वतः पुढं कधी सांगितलं नाही.

बिरादरीत चर्चा झालीच. मुनशी कुत्र्याला गोत्र विचारून सोयरिकी ठरवतो, असं लोक घाटावर म्हणत. मुनशीजी ऐकून घेत.

शरदिनीसाठी स्थळं आली. बकुळाबाईनं एक अट घातली, मुलगा दाखवायला आणायचा तो तिन्हीसांजेला. लोकांना ते विचित्र वाटे, पण कुळाची काही रीत असेल असं समजून ते यायचे. आल्यावर कळायचं की या घरात दिवा लावायची घाई कुणालाच नाही. बकुळाबाई जिन्याच्या वरच्या टोकाला उभी राही आणि मुलगा अर्ध्यावर आला की पदराआड लालटेन विझवी.

पहिला मुलगा जिन्यात ओरडला. दुसऱ्याच्या वडिलांनी, इतकं कंजूस घर नको, म्हणून तिथूनच परत फिरवलं. तिसरा जबलपूरच्या शाळेतला मास्तर होता, नागपूरकडच्या घराण्यातला, या लोकांशी सात पिढ्यांत नातं नसलेला. दिवा विझला तेव्हा तो जिन्यात आडव्या पडलेल्या रूपचंदच्या अगदी जवळ होता. तो थांबला, खाली पाहिलं, पाय उचलून कुत्र्याच्या पलीकडे टाकला आणि वर येऊन म्हणाला, “आई, तुमचा दिवा विझला. काडीपेटी आहे माझ्याकडे.”

“हा चालेल,” बकुळाबाई आत वळून नवऱ्याला म्हणाली, पुरेशा मोठ्यानं. शरदिनीला हसू फुटलं. त्या हसण्यावरच मास्तरही खूश झाला, असं म्हणतात. लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. गंगाताई आली नाही. विश्वेश्वर आला, पंगतीत वाढायला उभा राहिला, आणि दिवेलागणीच्या आत परत गेला. पुढं त्याचंही लग्न झालं, कऱ्हाडकडच्या मुलीशी. गंगाताईनं ती सोयरीक एवढ्या लांब का शोधली हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

छावणीतल्या डॅफोडिलला झालेली पिल्लं देखणी निघाली. मोठमोठ्या बंगल्यांत ती वाटली गेली. ती वर्षा-दोन वर्षांची झाली तशी एकेक करून संध्याकाळच्या वेळी हौदांत पडू लागली. मंडळाची खास बैठक बसली. बनारसची धूळ डोळ्यांना वाईट असते असं डॉक्टरसाहेबांनी मत दिलं, आणि छावणीतल्या सगळ्या कमळाच्या हौदांना जाळी बसवावी असा ठराव एकमतानं झाला. मुनशीजींना हे त्यांच्या एका शिष्यानं सांगितलं. त्यांनी त्या दिवशी त्याला फक्त भविष्यकाळ शिकवला.

हळूहळू रूपचंदला दिवसाही दिसेना. डोळ्यांवर सायीसारखं आलं. माकडांवर तो आता आवाजाच्या दिशेनं भुंके आणि बहुतेक वेळा माकड दुसरीकडेच असे. मुनशीजींचंही दिसणं आवळत आलं होतं. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसे. छावणीत जाणं त्यांनी सोडलं. आता शिकायचं असेल तो साहेब दूधविनायकात येई, दालनात रूपचंदशेजारी मांडी घालून बसे आणि ‘हाथी आती है’ की ‘आता है’ याचा घोळ घाली.

एका दुपारी दारात कुणी उभं राहिल्यासारखं वाटलं. रूपचंदनं नाक वर केलं. बकुळाबाई पाहते तो गंगाताई, एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातात केळीच्या पानाची पुडी. कितीतरी वर्षांनी या घराची पायरी चढली होती. बकुळाबाई वाकून पाया पडली आणि बाजूला झाली.

गंगाताई दालनात आली, भावाशेजारी टेकली. मग तिनं पुडी सोडली. आत पुरणपोळी होती. तिनं ती मोडली, एक तुकडा भावाच्या हातात दिला आणि एक पुढं धरला. रूपचंद वास घेत आला. त्यानं तुकडा तिच्या बोटांना दात न लावता काढून घेतला.

“वेणू,” ती म्हणाली, “याला दिसत नाही हे याला कळतं का रे?”

“कळत असावं.”

“मग काय करतो?”

“काही नाही. जेवतो, झोपतो. कुणी आलं की शेपूट हलवतो.”

गंगाताईनं चाचपून रूपचंदचं डोकं शोधलं, त्यावर हात ठेवला. “याला सोवळ्यात शिवत नाहीस ना?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दुसरा तुकडा मोडला.